सारजाआजीचा हुकुमदार

आमच्या गल्लीत शिरायचं तर आधी एका म्हातारीला जाब द्यावा लागायचा. कलेक्टर आला असता तरी सुटला नसता.

मी लग्न होऊन गंगापूरकडच्या खेड्यातून छावणीजवळच्या त्या गल्लीत आले, तेव्हा पोलिस ॲक्शन होऊन तीनेक वर्षं झाली होती. माझं वय सतरा. पहिल्याच सकाळी सासूबाईंच्या मागं घागर घेऊन नळावर निघाले. गल्लीच्या तोंडाशीच एक घर, दारात दगडी ओटा, ओट्यावर एक काटकुळी म्हातारी काज करत बसलेली. पाठ अशी ताठ, की लुगड्याच्या आत कुणी काठी घातलीय की काय असं वाटावं. मान वर न करता खणखणीत आवाजात म्हणाली,

"हुकुमदार."

माझी चुंबळच खाली पडली. सासूबाई म्हणाल्या, "आगं, फरंट म्हन. म्हटल्याबिगर ती जाऊ देत नाय."

"म्हंजे काय?"

"तुला काय करायचंय? म्हन आन चल."

मी म्हटलं, फरंट. म्हातारीनं सुईचं टोक जरासं हलवलं, म्हणजे जा. ही माझी आणि सारजाआजीची पहिली भेट.

पुढं कळलं की हे सगळ्यांनाच होतं. दूधवाला सायकलवरून न उतरता फरंट ओरडायचा. पोस्टमन म्हणायचा. शेजारचे शिंपीचाचा तर दिवसातून दहादा जायचे यायचे, दहादा "फरंट अम्मा, फरंट" करायचे. एकदा नळाच्या कामाचा नवा मुकादम आला. तो म्हणाला, "मी सरकारी कामावर हाय." आजी म्हणाली, "कामावरच आस. फरंट म्हन आन कर काम."

मी एकदा धीर करून विचारलं, "आजी, हुकुमदार म्हंजे कोण?"

"माझा बाप. पलटणीतला हुकुमदार. हुकूम देनारा."

"आन फरंट?"

"म्हंजे हाजीर हाय. येवढंबी कळंना का तुला?"

म्हणून सगळी गल्ली तिला हुकुमदारीण म्हणायची. तिलाही ते आवडायचं. तिचा बाप मागच्या शतकातला शिपाईगडी, इथल्याच छावणीत होता. ती नऊ वर्षांची असताना तो गेला. मागं राहिलं एक पत्र्याचं नळकांडं, त्यात पलटणीतून सुटल्याचा त्याचा कागद. ते देवांच्या शेजारी खुंटीला टांगलेलं असायचं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं. उघडलं मात्र कुणी नव्हतं. बाप सांगून गेला होता, हा कागद फाटला तर मी फाटलो.

पण बापाची पलटण तिच्या अंगात अजून नांदत होती. छावणीतला बिगुल सकाळी आमच्यापर्यंत यायचा. आजी त्याच्या आधी उठलेली. "बिगुल ऐकून जो उठतो त्याला उशीर झालाच," असं म्हणायची. वळकटी करायची ती चारी कोपरे जुळवून. डबे सगळे लाइनीत. दिवाळीच्या आधी ती गल्लीतल्या घरांचा मुआयना, म्हणजे तपासणी, करायची. कुणी बोलावत नव्हतं, कुणी अडवतही नव्हतं. फडताळाच्या मागं बोट फिरवायची आणि बोटाकडं नुसती बघायची. पुरं व्हायचं. हंडा घासलेला नसला की म्हणायची, "ह्यो रजेवर गेलाय व्हय गं?" माझी पहिली भाकरी बघून म्हणाली, "ही कुठल्या लढाईतून लंगडी होऊन आली?" मी रडायला लागले, तर शेजारी बसून तिनं दहा भाकऱ्या थापून दाखवल्या. दहाही एकसारख्या, एका मापाच्या. ती उठून गेल्यावर मी त्या एकावर एक ठेवून बघितल्या होत्या.

काज करायला तिला बापानंच शिकवलेलं. शिपायाला स्वतःचं बटण स्वतः लावावं लागायचं म्हणे. सातव्या वर्षी शिकलेल्या त्या काजांवर तिनं पुढं जन्म काढला. नवरा तरुणपणी गेला, मग मुलगा आणि सून एका तापाच्या साथीत गेले. राहिली नात, कुसुम, माझ्याच वयाची. शिंपीचाचा कपडे शिवायचे, आजी काज करायची, कुसुम बटणं लावायची.

काज करता करता ती लायनीतल्या गोष्टी सांगायची. लायनी म्हणजे शिपायांच्या झोपड्यांच्या रांगा. भिंती शिपायानं स्वतः घालायच्या, बायकोनं सारवायच्या, आणि बदलीचा हुकूम आला की सगळं तसंच सोडून चालू पडायचं. "माझ्या आयनं पाच घरं सारवली," आजी म्हणायची, "पन म्हातारी यकातबी झाली नाय." बाप ब्रह्मदेशात गेला तेव्हा दोन वर्षं काही खबर नव्हती. त्याला लिहिता येत नव्हतं, आजीच्या आईला वाचता येत नव्हतं. मग ती रोज त्याच्या नावाची एक भाकरी थापायची आणि शेजारच्या सड्या शिपायाला द्यायची. म्हणायची, तिकडं माझ्या मानसाला कुनीतरी देत आसंल.

पण आजीची खरी गोष्ट विहिरीची. ती तिनं मला वीसदा तरी सांगितली असेल, आणि वीसदा एका शब्दाचाही फरक नाही.

"लायनीत पटकी आली. साहेबानं हुकूम काढला, हिरीचं पानी बंद, लांबच्या झऱ्यावर जायाचं. हिरीवर पहारा लावला. पहाऱ्यावर माझा आबा. दिवेलागणीला आय गेली घागर घिऊन, मी तिच्या काखंला. तिला वाटलं, आपलाच मानूस हाय, येक घागर देईल. तर आबा बंदूक आडवी धरून म्हनला, हुकुमदार. आय म्हनली, आवो मी हाय. फिरून म्हनला, हुकुमदार. ती म्हनली, ह्याला याड लागलं, आन गेली फुडं. तवा बंदुकीचं टोक घागरीला लावलं. घागर फुटली."

"मग?"

"मग काय. आठ दिवस आय बोलली नाय. तवर मागल्या अंगानं ज्यांनी चोरून पानी नेलं होतं, त्यांच्या घरातनं मानसं उचलून न्यायला लागली. आमच्या घरातलं येक बी गेलं नाय. नवव्या दिवशी आबा पहारा करून घरी आला, तर आय दारात हुभी. हात आडवा लावून म्हनली, हुकुमदार. आबा म्हनला, फरंट. मग बाजूला झाली. तवापासनं रोज. मी उंबऱ्यात बसून बघायची. आय हसायची, आबा काय हसायचा नाय. तवाच मी वळखलं, आपला बाप लई मोठा हुद्देदार हाय."

पोलिस ॲक्शनच्या वेळची गोष्ट मात्र तिनं स्वतः कधी सांगितली नाही. ती मला शिंपीचाचांच्या बायकोनं सांगितली. त्या आठवड्यात गावात चांगले दिवस नव्हते. कुणाचं घर कुणाचं, यावरून माणसं काठ्या घेऊन फिरत होती. एका दुपारी आठदहा जण आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले. चाचा, चाची, पोरंबाळं आजीच्या आतल्या खोलीत, आणि आजी ओट्यावर काज करत.

"हुकुमदार," आजी म्हणाली.

"बाजूला हो म्हातारे. शिंप्याचं घर कोन्तं?"

"हुकुमदार."

"याडी हाय ही."

"याडी तर याडी. जाब दे आन जा. जाब ठाऊक नाय तर माघारी फिर. इथं अनोळख्याला वाट नाय."

त्यातला एक जण छावणीच्या बाजारातला, आजीला ओळखणारा. तोंडात शब्द होता त्याच्या, रोज म्हणायचा. पण त्या दिवशी त्याच्या तोंडातून फरंट काही निघेना. काठी हातात घेऊन कसं म्हणणार? तो मान खाली घालून वळला. मग बाकीचेही गेले. चाची सांगायची, "हम अंदर सांस रोक को बैठे थे, और बुढ्ढी क्या करी मालूम? उनो गए बाद पुकार को बोली, कुसुम, धागा दे गं, संपला."

अशी ती बाई. आता तिच्यावर पाळी आली ती सांगते.

कुसुमला स्थळ आलं. गंगापूरकडचे, उसाकापसाचे मोठे बागायतदार. मुलगा देखणा. कुसुमनं त्याला पडद्याआडून बघितला होता आणि दोन दिवस ती बटणं उलटी लावत होती. मुलाचे वडील, पाटील, बोलायला मोठे गोड. पण उठताना म्हणाले, "हुकुमदाराचं घरानं म्हनून आमी इथवर आलो. कागद आसंल ना काही? नव्या राजवटीत जो तो कुनीतरी व्हायलाय."

आजीची पाठ आणखी ताठ झाली. "हाय की. नळकांड्यात हाय. सोमवारी या, वाचून दावते."

रविवारी दुपारी ती नळकांडं पदरात गुंडाळून आमच्याकडं आली. आमचे हे कचेरीत कारकून, इंग्रजी बऱ्यापैकी यायचं. त्यांना ती नाना म्हणायची. झाकण गंजलं होतं, चाचांच्या कात्रीनं उचकटावं लागलं. आतून कागदाची सुरळी निघाली, पिवळी, घडीवर विरलेली. कुसुम आणि मी दाराशी. आजी काज करत बसलेली, कागद ऐकायचा म्हणून काम थोडंच थांबवणार.

ह्यांनी कागद वाचला, मनातल्या मनात. मग माझ्याकडं बघितलं, मग आजीकडं.

"का रे नाना, वाळवी लागली का?"

"नाही आजी."

"मग वाच की."

"हुद्दा, शिपाई."

"त्याच्या फुडं?"

"पुढं काही नाही. भरती झाले तेव्हा शिपाई, सुटले तेव्हा शिपाई. चालचलन चांगलं, असं लिहिलंय."

"आन हुकुमदार?"

"तसा शब्द नाही आजी." ते पुटपुटायला लागले. हुकुमदार, हुकुमदार, असं तीनचारदा. एकदम हसले आणि लगेच गप्प झाले. "आजी, विहिरीवर पहारा होता ना? पहारेकऱ्याला इंग्रजीत विचारायला शिकवायचे. हू कम्स देअर. म्हणजे, कोण येतंय तिकडं. शिपायांच्या तोंडात घासून घासून त्याचं हुकुमदार झालं असणार. आणि फरंट म्हणजे फ्रेंड. मित्र."

सुई थांबली. मी ती थांबलेली तेव्हाच पहिल्यांदा बघितली.

"म्हंजे आय रोज दारात हुभी ऱ्हाऊन इचारायची, कोन येतंय."

"हो."

"आन आबा सांगायचा, मैतर."

"हो आजी."

आम्हाला वाटलं, आता रडते. तर पदर तोंडाला लावून हसायला लागली, अंग गदगदेपर्यंत. "साठ वर्सं मला वाटलं, ती त्याला सलाम करायची. आन ती रोज त्याला घागरीची आठवन करून द्यायची, सटवी."

तिला बरं वाटावं म्हणून ह्यांनी पुढचं वाचलं. असल्या कागदावर शिपायाचं वर्णन असायचं, कुणी भलत्यानंच तो वापरू नये म्हणून. वर्ण सावळा. डाव्या भुवईवर व्रण. उंची पाच फूट तीन इंच.

"भुवईवर? व्हय व्हय, मी बोट लावायची तिथं," आजी म्हणाली. तिला बापाचा चेहरा आठवत नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. "आन उंची किती म्हनलास?"

ती उठली, आम्हाला तिच्या घरी घेऊन गेली. ह्यांना टेप आणायला लावली. दाराच्या चौकटीवर पाच फूट तीन इंचावर कोळशानं रेघ मारायला लावली. रेघ ह्यांच्या कानापाशी आली.

"येवढाच?" आजी म्हणाली. "मला तर दारातनं वाकून येनारा आठवतोय." मग जरा विचार करून, "दार बुटकं आसंल."

पण सोमवार तर उद्यावर होता. कुसुम भिंतीला टेकून उभी होती, तोंड एवढंसं झालेलं. ह्यांच्यानं राहवलं नाही. म्हणाले, "आजी, पाटलांना इंग्रजी येत नाही. मी जे वाचीन ते खरं. कुणाचं काही बिघडत नाही त्यात."

आजीनं कुसुमकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मी खोटं नाही सांगत, तिच्या मनात आलं होतं. पोरीसाठी तिनं काहीही केलं असतं. मग तिनं रेघेकडं बघितलं.

"नाना, खोटा जाब दिऊन आत आलेल्या मानसाला पहारेकरी काय करतो, ठाऊक हाय का?"

"काय करतो?"

"मलाबी ठाऊक नाय. पन मुआयना झाल्याबिगर ऱ्हात नाय."

सोमवारी पाटील आले, सोबत दोघं पाहुणे. आजी दारात. "हुकुमदार," ती म्हणाली. पाटील हसून म्हणाले, "फरंट, फरंट." तिनं बसवलं, चहा दिला, आणि कागद त्यांच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "माझा बाप शिपाई व्हता. भरतीला शिपाई, सुटतानाबी शिपाई. मला कालच कळलं, म्हनून तुमालाबी आज सांगते."

"मग हुकुमदार?"

"ते नाव न्हवं, सवाल हाय. आत्ता दारात तुमाला इचारला त्यो."

पाटलांनी बशी खाली ठेवली. "मावशी, आमी भावकीत सांगून बसलोय, हुकुमदाराच्या घरची पोरगी करतोय म्हनून. आता साध्या शिपायाची पणती म्हनल्यावर..."

"साध्याच शिपायाची. हुकूम देनारे बंगल्यात व्हते पाटील. हिरीवर त्यो यकटाच व्हता. त्यानं बायकू म्हनून येक घागर दिली असती, तर आज तुमाला च्या द्यायला हितं कुनी नसतं."

पाटलांनी सुपारी घेतली, कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

कुसुम दोन दिवस आजीशी बोलली नाही. मी दोघींच्या मध्ये ये-जा करून दमले. आजीनं तिला समजावलं नाही, रागावलीही नाही. तिसऱ्या दिवशी सांजेला आजी चाचांकडं काजांचं गाठोडं देऊन परत आली, तर कुसुम दारात उभी. हात चौकटीला आडवा. डोळे सुजलेले.

"हुकुमदार," कुसुम म्हणाली.

आजी अंगणातच थांबली. त्या बाईला जाब विचारलेला मी कधी बघितला नव्हता. हळूच म्हणाली, "फरंट."

कुसुम बाजूला झाली. दोघी आत गेल्या. मी घागर घेऊन तशीच उभी राहिले, कुणीकडं निघाले होते तेच आठवेना.

पुढं कुसुमचं लग्न झालं मोटारीवरच्या एका कंडक्टरशी. तो पहिल्यांदा आला तेव्हा आजीनं हुकुमदार म्हटल्यावर म्हणाला, "आजी, तिकीट मी इचारतो, मला कुनी इचारत नाय." आजी जागेवर हो म्हणाली. नंतर मला म्हणाली, "दारातलाच हाय त्योबी. चालंल."

त्याच सुमारास मतदारांची यादी लिहायला एक माणूस गल्लीत आला. बायका नाव सांगायला लाजत होत्या, अमक्याची आई, तमक्याची बायको. आजी खडखडीत म्हणाली, "सारजाबाई."

"आडनाव? हुकुमदार लिहू ना? सगळे तेच म्हणतात."

"नगं. शिपाई लिव्ह."

"आजी, कचेरीत शिपाई म्हणजे चपराशी."

"आसंना. दारातच बसतो ना त्यो?"

तो माणूस गेल्यावर ती माझ्याकडं वळली. "तू वाचायला शीक गं. आमी साठ वर्सं नळकांडं पुजलं, वाचलं नाय. नानाकडनं शीक, नायतर पोस्टमनकडनं शीक, पन शीक." मग रोज संध्याकाळी मुआयना. पाटी तिच्या पुढ्यात धरायची. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं, तरी म्हणायची, "ही वळ वाकडी हाय. पुसून लिव्ह." आज मी हे चार शब्द लिहितेय ते त्या मुआयन्याच्या धाकानं. ओळ वाकडी झाली की अजून पुसते.

खूप वर्षांनी आम्ही गारखेड्याला घर बांधलं. छावणीकडं जाणं कमी झालं. एक दिवस कुसुमचा निरोप आला, आजी थकलीय, भेटून जा. मी गेले. गल्ली ओळखू येत नव्हती, दोनमजली घरं उठली होती, पण ओटा होता. ओट्यावर कुणी नव्हतं.

दारापाशी आले आणि माझे पाय आपोआप थांबले. आत आजी बाजेवर पडलेली दिसत होती. डोळे गेलेले, अंगाचं चिपाड झालेलं, पण पायाशी वळकटी, चारी कोपरे जुळलेली. चौकटीवर कोळशाची रेघ होती. दर दिवाळीला घराला चुना लागायचा, कुसुम तेवढी जागा सोडून हात फिरवायची.

मी वाट बघितली. आतून आवाज आला नाही. मला वाटलं, झोपली असेल, किंवा आता तिला कळतही नसेल कोण आलं, कोण गेलं. नुसतंच आत जावं, तर पाऊल उचलेना. म्हणून तिनं न विचारताच मी उंबऱ्याबाहेरून म्हटलं, "फरंट, आजी."

बाजेवरची मान हलली. आवाज बारीक झाला होता, पण खणखणीत तसाच.

"आगं, मग ये की. तुला कवापासनं इचारायला लागलं?"